रेल्वे फाटकावर अडलेली शर्यत

मागच्या उन्हाळ्यात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही जर्मनीत, डार्मश्टाटच्या थोडं बाहेर, एका लहानशा गावात राहतो. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्यात अडकल्या होत्या, त्यामुळे बाबा एकटेच आले. आणि ते आले त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह पुढे ढकललं गेलं. तो आधी सोमवार ते शुक्रवार आणि मग शनिवार-रविवारसुद्धा न्युरेम्बर्गलाच राहायला लागला. म्हणजे घरात मी आणि बाबा.

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आम्ही दोघं कधी धड बोललो नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं. ते कराडजवळच्या गावी पोस्टमन होते, रिटायर झाले, एवढं मला माहीत होतं. आमचं बोलणं म्हणजे, "बाबा, भाजीत तिखट कमी आहे का?" "नाही, बरोबर आहे." भाजीत तिखट घालायचंच मी विसरले होते तेव्हासुद्धा बरोबर होतं.

मी दिवसभर लॅपटॉपसमोर. बाबा बाल्कनीत. आठ दिवसांनी ते बाल्कनीतून दिसेनासे झाले. मी घाबरून खाली धावले, तर इमारतीच्या मागच्या अंगणात ते आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांसमोर उभे. हे शेजारी सत्तरी ओलांडलेले, निवृत्त इंजिनिअर. जुन्या सायकलींच्या एका फेराइनचे अध्यक्ष. फेराइन म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ. इथे तीन जर्मन एकत्र उभे राहिले की चौथ्या दिवशी त्यांचं फेराइन होतं. त्यांनी तळघरातून एक काळी, दांडी ब्रेकची सायकल बाहेर काढली होती आणि ते तिच्या चेनला तेल घालत होते. बाबा हात मागे बांधून बघत होते. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते आणि दोघंही अगदी मजेत होते.

त्यानंतर रोज सकाळी हेच. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि खाली अंगणात दोन म्हातारे एका सायकलीकडे बघत असायचे.

एका संध्याकाळी अध्यक्षांनी आमची बेल वाजवली. आत यायला नकार देऊन ते पायपुसण्यावरच उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांची मला अधिकृत गरज आहे."

प्रकरण असं होतं. त्यांचं फेराइन दर उन्हाळ्यात एक रोड रेस भरवायचं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिकसारख्या स्पर्धांमध्ये हौशी सायकलपटू जसे रस्त्यावर सायकली पळवायचे, अगदी तशी. जुन्या सायकली, लोकरीच्या जर्सी, एकेकाने थोड्या थोड्या अंतराने सुटायचं, वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, पंक्चर झालं तर स्वतः काढायचं. आणि शर्यतीच्या नावातच 'आंतरराष्ट्रीय' शब्द होता. त्यासाठी निदान दोन देश लागायचे. इतकी वर्षं एक डच गृहस्थ येऊन दुसरा देश व्हायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"मग मी चालवते की," मी म्हणाले. मला बरी चालवता येते.

अध्यक्षांनी माझ्याकडे कळवळून पाहिलं. "तुमचं आइनब्युर्गरुंग झालंय ना? मार्चमध्ये? मीच तर फुलं दिली होती. तुम्ही आता आमच्याच."

जर्मन पासपोर्ट घेतल्याचा पहिला तोटा मला त्या दिवशी कळला.

मी बाबांना विचारलं. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "कुठली सायकल? ती काळी?"

"हो, तीच."

"मग ठीक आहे."

रविवारी सकाळी आम्ही गावच्या चौकात पोचलो तेव्हा तिथे वीसेक माणसं लोकरीच्या जर्सीत घामाघूम होऊन उभी होती. ऊन चांगलंच तापलं होतं. काहींनी मेण लावून मिशा वर वळवल्या होत्या. बाबांना दिलेली जर्सी त्या डच गृहस्थांची होती आणि ते बहुधा साडेसहा फुटांचे असावेत, कारण ती बाबांच्या गुडघ्यापर्यंत येत होती. खाली त्यांनी स्वतःचा पांढरा पायजमा घातला होता आणि उजव्या पायाला, चेनमध्ये अडकू नये म्हणून, माझी कपडे वाळत घालायची क्लिप लावली होती. शंभर वर्षांपूर्वीचे दिसायला सगळ्यांनी फार कष्ट घेतले होते. त्यात बाबा काही न करताच खरे वाटत होते.

अध्यक्षांनी नियम वाचून दाखवले. त्यातला एक मला नीट आठवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावर झाला. वाट पंचवीसेक किलोमीटरची, दोन गावांना वळसा घालून परत चौकात येणारी. शेवटाला, चौकाच्या जरा अलीकडे, रेल्वे फाटक लागायचं. जुन्या काळी अशा शर्यतींत फाटकावर एक पंच बसायचा आणि गाडीसाठी सायकलवाल्याला थांबावं लागलं तर तेवढा वेळ त्याच्या हिशेबातून वजा करायचा. इथेही तसंच होतं. पण अध्यक्षांनी त्यात सुधारणा केली होती.

"कोण किती थांबला यावर पूर्वी फार वाद व्हायचे," ते म्हणाले. "आल्झो, तर मग आपण समान न्याय करू. फाटक बंद असताना जो कोणी तिथे पोचेल, मग तो केव्हाही पोचो, त्याला फाटक जितका वेळ बंद होतं तितका पूर्ण वेळ माफ. सगळ्यांना सारखा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी जायला तीन मिनिटं लागतात. तीन मिनिटांवरून कोण भांडणार? फाटकावर घड्याळ घेऊन बसायचं काम दंतवैद्याच्या बायकोकडे होतं. हा दंतवैद्य म्हणजे मागची कित्येक वर्षं ही शर्यत जिंकणारा माणूस. पन्नाशीचा, काटक, मिशी सगळ्यांत टोकदार.

मग सुटण्याआधीची शपथ. प्रत्येकाने पंचांसमोर सांगायचं की मी आमाटॉयर आहे, म्हणजे हौशी आहे, सायकल चालवून मी कधीही पैसे मिळवलेले नाहीत. पंच तिघे: अध्यक्ष, एक निवृत्त नोटरीबाई आणि गावचे पाद्री. बाबा पाहुणे म्हणून त्यांचा नंबर शेवटचा. एकेक जण शपथ घेऊन सुटत गेला. दंतवैद्य सुटला. सगळे सुटले. बाबा पुढे आले आणि मी दुभाषी म्हणून शेजारी उभी राहिले.

नोटरीबाईंनी प्रश्न वाचला. मी मराठीत सांगितला: "बाबा, सायकल चालवून तुम्ही कधी पैसे मिळवलेत का?"

"म्हणजे काय," बाबा म्हणाले. "अख्खी नोकरी सायकलवरच केली."

मला त्यांचं उत्तर जरा वळवून सांगता आलं असतं. पण नोटरीबाई माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की माझ्याकडून जसंच्या तसं गेलं. पाद्र्यांनी चष्मा काढला.

"बेरुफ्सफारर," नोटरीबाई हळूच म्हणाल्या. व्यावसायिक सायकलपटू.

त्यानंतर जवळजवळ तासभर चौकात जे चाललं त्याला मी चौकशी समिती म्हणेन. गावच्या बेकरीतून चार खुर्च्या आणल्या गेल्या. पाचवी नव्हती, म्हणून मी उभी.

"त्यांना वेगासाठी पैसे मिळायचे का?" नोटरीबाईंनी विचारलं.

"वेगाचे कोण देतंय?" बाबा म्हणाले. "उशीर झाला तर बोलणी मात्र मिळायची."

"त्यांनी कधी कुणाशी शर्यत लावली?"

"कुत्र्यांशी."

"जिंकले का?"

बाबांनी पायजमा वर करून पोटरी दाखवली. तिघांनी वाकून पाहिलं. "कधी कधी हरलो," बाबा म्हणाले.

मी भाषांतर करत होते आणि करता करता माझं मलाच काहीतरी व्हायला लागलं. दुभाष्याला 'मी' म्हणूनच बोलावं लागतं. त्यामुळे भर चौकात मी जर्मनमध्ये सांगत होते की मी पाच गावांचं टपाल वाटायचो, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की सायकल डोक्यावर आणि थैली दातात धरून पलीकडे जायचो, एकदा एका म्हातारीला तिच्या मुलाचं पत्र मीच वाचून दाखवलं आणि उत्तरही मीच लिहिलं, आणि मग तिच्या मुलाला वाटायला लागलं की आई शाळेत जायला लागली. नऊ वर्षांत यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. जर्मनमध्ये 'मी' बाईचा की बाप्याचा हे कळत नाही. मधल्या काळात बेकरीत आलेल्या एका बाईंनी माझा दंड दाबला आणि म्हणाल्या, "किती कष्ट काढलेत हो तुम्ही."

खटला असा अवघड झाला की बाबा व्यावसायिक ठरले तर त्यांना सोडता येत नव्हतं, आणि त्यांना सोडलं नाही तर दुसरा देश राहत नव्हता, आणि दुसरा देश नाही तर शर्यत आंतरराष्ट्रीय नाही, आणि वीस माणसं तर आंतरराष्ट्रीय शर्यतीतच पुढे निघून गेली होती. पाद्री म्हणाले, त्यांना परत बोलवावं लागेल. अध्यक्षांनी कपाळाचा घाम पुसला.

शेवटी नोटरीबाईंनीच मार्ग काढला. "पगार पत्रं पोचवण्याचा होता. सायकल चालवण्याचा नव्हता. चालत गेले असते तरी पगार तोच. म्हणजे सायकल त्यांनी चालवली ती फुकट."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" अध्यक्ष उठून उभे राहिले. "आयुष्यभर, रोज, फुकट! यांच्याइतका शुद्ध हौशी सायकलपटू आमच्याकडे आजवर आलेला नाही!"

मी आनंदाने बाबांना सांगितलं. "बाबा, झालं! तुम्ही हौशी आहात म्हणतात."

बाबांचा चेहरा बदलला. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"हौशी?" ते म्हणाले. "मी हौशी? उन्हातान्हात हौस म्हणून हिंडलो काय मी? यांना सांग, मी हौशी नाही. खात्याचा माणूस होतो."

"बाबा, तो फक्त शर्यतीपुरता शब्द आहे."

"शर्यतीपुरता असला म्हणून काय झालं? शब्द तो शब्द."

मी पंचांना सांगितलं की स्पर्धकाला निकाल मान्य नाही. त्यांना व्यावसायिक ठरवून हवंय. तिघांनी डोकी जवळ आणली. लांबून, फाटकाच्या दिशेने, घंटीचा टणटण आवाज यायला लागला होता, पण तेव्हा तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की बाबांना हौशी म्हणून सोडण्यात येत आहे, पण स्वतःच्या हौशीपणाला त्यांनी घेतलेली हरकत नोंदवून घेतली आहे, आणि ते परत आल्यावर तिच्यावर निर्णय होईल.

"हे चालेल," बाबा म्हणाले. सायकलवर टांग टाकली, विनाकारण दोनदा घंटी वाजवली आणि निघाले. अध्यक्षांनी घड्याळ दाबलं.

माझं काम संपलं होतं. फाटक चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, म्हणून मी तिकडे गेले. फाटक बंद होतं. लाल दिवा चालू. दंतवैद्याची बायको घडीच्या खुर्चीत छत्री उघडून बसली होती.

"गाडी येतेय का?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटं झाली," ती म्हणाली. "गाडी नाही. काहीतरी बिघडलंय. मी फोन केलाय, माणूस निघालाय म्हणतात."

इतक्यात पलीकडून पहिला सायकलवाला आला. फाटकाच्या त्या बाजूला त्याने ब्रेक लावला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि उभा राहिला. मग दुसरा आला. मग दंतवैद्य, जीव तोडून पॅडल मारत, आणि फाटक बघून त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो त्याच्या बायकोने ऐकला नाही असं दाखवलं. अर्ध्या तासात सगळे वीस जण रुळांच्या पलीकडे लोकरीत उकडत उभे.

रूळ दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत मोकळे होते. रुळांवर एक मांजर बसलं होतं. आणि फाटकापासून अगदी जवळ, मला उभ्या जागेवरून दिसत होता, सायकलींसाठी बांधलेला भुयारी रस्ता होता. लोक त्यातून ये-जा करत होते. मी ओरडून म्हटलं, "अहो, तिथून या ना!"

"वाट तिथून नाही!" वीसच्या वीस जण ओरडले.

तासाभराने पलीकडच्या घरातल्या एका आजीबाईंना राहवलं नाही. त्या सफरचंदाच्या सरबताचे जग आणि मोठा थोरला प्लमचा केक घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांनी केकपासून मान फिरवली. बाहेरची मदत घेतली तर बाद! दंतवैद्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्याच्या बायकोने पंचांना फोन लावला. अध्यक्षांनी निर्णय दिला. तिने तो मोठ्याने सगळ्यांना सांगितला: फाटकातला वेळ शर्यतीत धरला जात नाही. जो वेळच नाही त्यात घेतलेली मदत ही मदत नाही. खाऊ शकता.

केक दोन मिनिटांत संपला. आजीबाई आत जाऊन दुसरा घेऊन आल्या. कुणी गवतावर आडवं झालं, कुणी जर्सी काढून फाटकाच्या दांडीवर वाळत घातली. दंतवैद्य मात्र सायकलवरून उतरला नाही. एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर, नजर लाल दिव्यावर.

आणि मग लांबून घंटी ऐकू आली. सतत वाजणारी. रस्त्यावर कुणीही नसताना बाबा घंटी वाजवत येत होते. सावकाश, पाठ ताठ, जर्सी वाऱ्याने फुगलेली. वाटेतल्या घरांतली माणसं बाहेर येऊन बघत होती, आणि त्यांना काहीतरी द्यायचं राहिलंय असं बाबांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"फाटक पडलंय होय?" त्यांनी मला रुळांपलीकडून विचारलं.

"दोन तास होतील आता!"

"बरं." त्यांनी सायकल झाडाला टेकवली, सावलीत मांडी घातली आणि पायजम्याच्या खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली. शेजारी दंतवैद्य उभा होता म्हणून त्याला अर्धी देऊ केली. दंतवैद्याने चिक्कीकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबांनी कडकन एक तुकडा तोडला. दंतवैद्य सायकलवरून उतरला. त्याने खुणेने बाबांना तोंड उघडायला लावलं, आत वाकून नीट बघितलं, आणि मग आपली अर्धी चिक्की घेतली.

शेवटी गाडी आली नाहीच. नारंगी जाकिटातला एक माणूस मोटारीतून आला, खांबावरची पेटी उघडली, आत काहीतरी केलं. तेवढ्या अवधीत त्याने दोनदा मान वळवून वीस-एकवीस लोकरी माणसांकडे पाहिलं.

"इथे का उभे आहात? तिथे भुयारी रस्ता आहे की."

"आम्ही शर्यतीत आहोत," दंतवैद्य म्हणाला.

फाटक वर गेलं. दांडीवरच्या जर्सीसुद्धा वर गेल्या. दंतवैद्य बाणासारखा सुटला, त्याच्या मागे बाकीचे, त्यांतले काही उघडेच. बाबा उठले, पायजमा झटकला, क्लिप नीट केली, रूळ ओलांडताना सायकल हातात धरली, कारण त्यांच्या मते तसंच करायचं असतं, आणि मग माझ्याबरोबर जरा चालले. मी म्हटलं, "बाबा, शर्यत आहे." "हो, हो," म्हणाले आणि टांग टाकली.

मी पोचले तेव्हा चौकात नोटरीबाई मोठ्या फळ्यावर खडूने वेळा लिहीत होत्या. फाटक बरोबर दोन तास बंद होतं; दंतवैद्याच्या बायकोने ते सेकंदापर्यंत टिपलं होतं. प्रत्येकाच्या वेळेतून दोन तास वजा. दंतवैद्याची वेळ आली बेचाळीस मिनिटं. पंचवीस किलोमीटर, शंभर वर्षं जुन्या सायकलवर. टाळ्या पडल्या. त्याने मिशीला हात लावला.

मग बाबा. निघाल्यापासून पोचेपर्यंत त्यांना दोन तासांना पाच मिनिटं कमी लागली होती. नोटरीबाईंनी त्यातून दोन तास वजा केले. थांबल्या. परत केले. मग फळ्यावर एक आडवी रेघ काढली आणि तिच्यापुढे पाच लिहिलं.

"वजा पाच मिनिटं," पाद्री म्हणाले.

दंतवैद्य पुढे आला. "हे शक्य नाही. माणूस निघायच्या आधी पोचू शकत नाही."

"नियमात तसं कुठे म्हटलंय?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण नियम त्यांचा होता. "फाटक बंद असताना जो केव्हाही पोचेल."

"ते निघाले तेव्हा फाटक आधीच बंद होतं!"

"तो त्यांचा दोष नाही. त्यांना आम्ही थांबवून ठेवलं होतं."

"पण वजा पाच!"

"समान न्याय," अध्यक्ष म्हणाले, आणि ते जवळजवळ रडवेले झाले होते.

दंतवैद्य बायकोकडे वळला. "तू नक्की बरोबर टिपलंस?" तिने घड्याळ त्याच्या हातात ठेवलं आणि केक खायला निघून गेली.

मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. "म्हणजे मी पहिला?" त्यांनी विचारलं.

"आकड्यांनी तसं दिसतंय खरं."

"हा माणूस माझ्या आधी पोचला," ते दंतवैद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी स्वतः बघितलं."

हे मी जर्मनमध्ये सांगितल्यावर दंतवैद्याने त्यांचा हात धरला. पण पंचांना साक्षीशी देणंघेणं नव्हतं. खुर्च्या परत मागवल्या गेल्या. बेकरी बंद झाली होती, म्हणून या वेळी तिघे पंच कारंज्याच्या कठड्यावर बसले. बाकी सगळे भोवती गोल करून उभे. कुणी घरी गेलं नाही.

बऱ्याच वेळाने नोटरीबाई उठल्या. मी त्यांचं बोलणं बाबांसाठी वाक्यागणिक मराठीत आणत होते आणि आपण काय बोलतोय यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

"स्पर्धक निघण्याच्या पाच मिनिटं आधी पोचले आहेत. हे आम्ही मान्य करतो. आता, त्या क्षणी, म्हणजे निघण्याच्या पाच मिनिटं आधी, परिस्थिती काय होती? त्यांना हौशी म्हणून सोडण्याचा निर्णय तेव्हा झालेलाच नव्हता. आमच्यासमोर त्यांचं स्वतःचं म्हणणं तेवढं होतं, की ते हौशी नाहीत. म्हणजे पोचले तेव्हा ते व्यावसायिक होते. व्यावसायिकाला हौशींची शर्यत जिंकता येत नाही. आल्झो, पहिला नंबर दंतवैद्यांचा. पाहुणे देश म्हणून धरले जातील, माणूस म्हणून नाही. शर्यत आंतरराष्ट्रीय राहील."

चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी नोटरीबाईंना मिठी मारली. दंतवैद्याच्या गळ्यात ओकच्या पानांचा हार पडला आणि तो अशा चेहऱ्याने उभा राहिला की जणू तो हार दुसऱ्याच कुणाचा आहे.

बाबांना हे सगळं उमजायला जरा वेळ लागला. "म्हणजे मला काय ठरवलं शेवटी?"

"व्यावसायिक."

त्यांनी जर्सीच्या लांब बाहीने तोंड पुसलं. मग तिघा पंचांकडे एकेक करून गेले आणि प्रत्येकाशी दोन्ही हातांनी हात मिळवला. पाद्र्यांच्या हातात उरलेली चिक्की ठेवली.

संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना फोन लावला. स्पीकर चालूच असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"पडलात का?" सासूबाईंनी पहिलं विचारलं.

"नाही पडलो."

"मग पहिले आलात?"

"पहिला आलो होतो. पण मग नाही आलो."

"म्हणजे?"

बाबा सांगायला लागले. खात्यापासून सुरुवात केली, चौकात आले, फाटकापर्यंत पोचले. सासूबाईंच्या मांडीवर नणंदेचं बाळ होतं बहुतेक. मधेमधे तेच हुंकार देत होतं. वजा पाचपाशी बाबा अडकले. त्यांनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये. त्या बाई काय म्हणाल्या ते तू सांग हिला. तू नीट सांगतेस."

मी हात पुसत आले आणि त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसले. सगळं परत सांगितलं, नोटरीबाईंच्या आवाजात, कारंज्यासकट. बाबा मधून मधून माझं वाक्य दुरुस्त करत होते. सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या, बाळ रडायला लागलं आणि फोन ठेवावा लागला. त्यानंतर आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, त्या म्हातारीच्या मुलाचं पुढे काय झालं? ज्याला वाटलं आई शाळेत जाते?"

"ते होय," बाबा म्हणाले आणि पाय सोफ्यावर घेतले. "अगं, तो एकदा सुट्टीवर आला. माझ्यासाठी पाटी-पेन्सिल घेऊन."

"तुमच्यासाठी?"

"आईसाठी आणली होती. आईनं त्याला माझ्याकडं पाठवलं."